अर्धवट वाचलेलं लिनक्स

जून २०१२ मधला तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. नसेल, तर त्यातला फोटो मीम म्हणून कधीतरी समोर आला असेलच. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स, म्हणजे लिनक्सचा कर्ता, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतोय. एनव्हिडियाचा विषय निघतो. तो कॅमेऱ्याकडे वळतो, मधलं बोट दाखवतो आणि कंपनीला एक खणखणीत इंग्रजी शिवी घालतो. कॉलेजात असताना हा फोटो माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर होता. आमच्यासाठी तो देवघरातला फोटो होता म्हणा ना.

पुष्कळ वर्षांनी मी तो प्रसंग सलग पाहिला, आधीच्या प्रश्नासकट. हो, आधी एक प्रश्न आहे. प्रेक्षकांतल्या एका व्यक्तीकडे ऑप्टिमसवाला लॅपटॉप आहे. ऑप्टिमस म्हणजे एकाच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिपा: साध्या कामाला इंटेलची, जड कामाला एनव्हिडियाची, आणि दोघींमध्ये गरजेप्रमाणे अदलाबदल. विंडोजवर हे आपोआप व्हायचं, लिनक्सवर व्हायचं नाही. लिनसच्या उत्तराची सुरुवातही शिवीनं होत नाही. तो आधी म्हणतो की असा अनुभव आता अपवादानंच येतो. मग म्हणतो की याचं वाईट वाटतं, कारण हीच कंपनी अँड्रॉइडच्या बाजारात ढिगानं चिपा विकू पाहते. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, हे त्यातलं दुखणं. आणि मग ते बोट.

आमच्या लक्षात फक्त बोट राहिलं. प्रश्न विचारणाऱ्याचा लॅपटॉप पुढे चालला का, हे मला कधी सुचलंही नाही.

लिनक्सवाली जमात (मी त्यातलाच) कोड डोळ्यांत तेल घालून वाचते. हजारो ओळींमध्ये एक चुकलेला अर्धविराम शोधून काढते. पण स्वतःबद्दलच्या गोष्टी ती अर्धवट वाचते, आणि त्या अर्ध्या वाचनावर आपला स्वभाव घडवते. ही माझी तक्रार आहे, आणि ती आधी माझ्याबद्दल आहे.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. (लष्करातला नव्हे. घरी हा विनोद दर वेळी होतो.) ड्रायव्हर हा कर्नल आणि हार्डवेअर यांच्यामधला दुभाष्या. वायफायच्या चिपची भाषा वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी, टचस्क्रीनची वेगळी. चिप बनवणाऱ्या कंपनीनं त्या भाषेचं व्याकरण दिलं तर दुभाष्या तयार करता येतो. नाही दिलं, तर चिप जागच्या जागी असून मुकी.

हा लेख तुम्ही अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर या क्षणी तुमच्या हातात लिनक्स कर्नल चालू आहे. लायसन्सच्या अटीमुळे त्या कर्नलचा कोड द्यावा लागतो. पण ग्राफिक्स, कॅमेरा, मोडेम यांचं बरंचसं गुपित त्याच्या बाहेर, कंपनीनं दिलेल्या बंद फायलींमध्ये असतं. चिप कंपनीनं त्या फायली अद्ययावत करणं थांबवलं की फोन कंपनीही हात वर करते. काच शाबूत, बॅटरी बरी, पण फोन ‘जुना’. २०१७ साली सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएस या प्रकल्पानं फोन दहा वर्षं चालावा असं ध्येय ठेवलं. अडतं कुठे? बहुतेक वेळा ड्रायव्हरपाशीच. म्हणजे ड्रायव्हर ही चार वेड्यांच्या हौसेची गोष्ट नाही. आपण पैसे मोजून घेतलेली वस्तू कधी कचऱ्यात जाणार, हे त्यावर ठरतं.

या जमातीची आद्यकथाही ड्रायव्हरचीच आहे. १९८० च्या आसपास एमआयटीच्या एआय लॅबला झेरॉक्सनं एक नवा लेझर प्रिंटर दिला. तिथे रिचर्ड स्टॉलमन काम करत होता. प्रिंटरमध्ये कागद अडकायचा, सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मिळालेला नव्हता, त्यामुळे त्यात काही बदल करता येईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो कोड आहे असं कळल्यावर स्टॉलमननं तिथे गेला असताना मागितला. त्यानं नकार दिला, गुप्ततेच्या करारावर सही केली होती म्हणून. त्या रागातून पुढे १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा झाली, असं आपण सांगतो. सॅम विल्यम्सनं २००२ मध्ये लिहिलेलं स्टॉलमनचं चरित्र याच प्रसंगानं सुरू होतं. (स्टॉलमन या माणसाविषयी वाद पुष्कळ आहेत. तो वेगळा लेख.)

कथेचं तात्पर्य आम्ही एका दमात सांगतो: कंपनी वाईट, कोड खुला हवा. त्यात खोटं काही नाही. पण त्याच कथेतला एक तपशील सगळे ओलांडून जातात. लॅबमधल्या आधीच्या प्रिंटरमध्येही कागद अडकायचा, आणि त्याचा कोड स्टॉलमनकडे होता. त्यानं काय केलं? अडकणं काही तो थांबवू शकला नाही, तो यंत्राचाच दोष होता. त्यानं अशी सोय केली की कागद अडकला की ज्यांची छपाई खोळंबली आहे त्यांच्या पडद्यावर निरोप यावा. मग कोणीतरी खुर्चीतून उठायचं, जायचं आणि कागद काढायचं.

बस, एवढंच. नव्या प्रिंटरवर करता न आलेली गोष्ट ही होती. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. खुल्या कोडनं यंत्र दुरुस्त झालं नव्हतं. शेजारच्या माणसाला वेळेवर हाक मारण्याची सोय झाली होती. आणि नकार देणारा कोण होता? कंपनीचा वकील नव्हे, स्टॉलमनसारखाच एक संशोधक. आम्ही मात्र ही कथा ‘ते विरुद्ध आपण’ अशी पाठ केली.

दुसरी पोथी २५ ऑगस्ट १९९१ ची. एकवीस वर्षांचा लिनस मिनिक्स वापरणाऱ्यांच्या न्यूजग्रुपवर लिहितो की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, हौस म्हणून, फार मोठं काही होणार नाही. हे नम्रतेचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं, टी-शर्टवर असतं. पण ती पोस्ट मुळात प्रश्न आहे. मिनिक्समध्ये तुम्हाला काय आवडतं, काय नाही, हे तो अनोळखी लोकांना विचारतो. आणि शेवटी, रडक्या तोंडाच्या खुणेसकट, सांगतो की यात एटी हार्डडिस्कशिवाय दुसरं काही कधी चालेल असं वाटत नाही, कारण माझ्याकडे तेवढंच आहे.

माझ्याकडे तेवढंच आहे. ड्रायव्हरचा सगळा इतिहास या कबुलीत बसतो. ज्याच्याकडे जे हार्डवेअर, त्याचा ड्रायव्हर तो लिहिणार. दुसरं हार्डवेअर दुसऱ्या कोणाकडे, म्हणून दुसरा माणूस हवा, त्याला थांबवून धरायला हवा.

आता तिसरी पोथी, आणि इथे मी वैयक्तिक होणार आहे. एरिक रेमंडनं (रिक मोएनच्या साथीनं) २००१ मध्ये एक लांबलचक निबंध लिहिला, प्रश्न हुशारीनं कसे विचारावेत याबद्दल. तांत्रिक ग्रुपांवर गेली वीसपंचवीस वर्षं त्याची लिंक नवख्यांच्या तोंडावर फेकली जाते. निबंध वाईट नाही. एरर जशीच्या तशी द्या, काय करून पाहिलंत ते सांगा, शीर्षक नेमकं लिहा: सगळं खरं. पण त्याचा सूर असा की उत्तर देणारा उंच ओट्यावर बसलाय आणि विचारणारा खाली अंगणात. मॅन्युअल वाच असं कोणी खेकसलं, तर ते खेकसणंही उपकारच समजावेत, असा एकंदर उपदेश.

काही वर्षांपूर्वी मी ज्या मराठी मुलांच्या ग्रुपवर पडीक असायचो, तिथे एकानं रात्री अकराला लिहिलं: नवीन लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, वायफाय दिसत नाही, कोणीतरी मदत करा. ना मॉडेल, ना कर्नलची आवृत्ती. मी रेमंडच्या निबंधाची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, ‘आधी हे वाच, मग ये.’ धडाधड हसरे चेहरे आले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सकाळी त्याचा प्रश्न डिलीट झालेला होता.

दोन महिन्यांनी माझ्या बहिणीनं नवा लॅपटॉप घेतला आणि तेच झालं. वायफाय गायब. चिप नवी, इन्स्टॉल केलेला कर्नल जुना, त्यात त्या चिपचा ड्रायव्हरच नव्हता. फोन केबलनं जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं, नवा कर्नल उतरवून घेतला, रीस्टार्ट. पंधरावीस मिनिटांचं काम. मॅन्युअलमध्ये हे नव्हतं, रेमंडच्या निबंधात तर नव्हतंच. त्या मुलाच्या लॅपटॉपवर इंटरनेट नव्हतं आणि मी त्याला लिंक दिली होती.

त्यानंतर मी तो निबंध पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. शेवटाकडे एक छोटा भाग आहे, उत्तर देणाऱ्यांसाठी. सौम्यपणे बोला, अडचणीत सापडलेला माणूस उद्धट किंवा मठ्ठ वाटतो, तसा असेलच असं नाही. पहिल्यांदा चुकणाऱ्याला चारचौघांत नको, बाजूला घेऊन सांगा. नक्की माहीत नसेल तर तसं म्हणा. मदत करता येत नसेल तर निदान आडवे येऊ नका. हे सगळं त्याच निबंधात आहे! पण लिंक नेहमी पहिल्या भागाची दिली जाते. माझी तक्रार रेमंडबद्दलही आहेच: लेखकानं एका बाजूसाठी पानंच्या पानं खर्च करावीत आणि दुसऱ्या बाजूची चार वाक्यात बोळवण करावी, तर वाचक काय उचलणार हे उघड आहे. तरीही वाचणारे आपणच होतो.

ऑप्टिमसकडे परत येतो, कारण तिथला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. कंपनी लक्ष देईना म्हणून काही स्वयंसेवकांनी बंबलबी नावाचा प्रकल्प केला, लिनक्सवर दोन चिपांची अदलाबदल व्हावी म्हणून. २०११ मध्ये त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एका ओळीत एक मोकळी जागा जास्तीची पडली. एक स्पेस. ती ओळ एक विशिष्ट फोल्डर पुसण्यासाठी होती. स्पेसमुळे तिचे दोन तुकडे झाले आणि तिनं ‘यूएसआर’ हे अख्खं फोल्डर पुसायला घेतलं, म्हणजे जवळजवळ सगळी सिस्टिमच. गिटहबवरच्या त्या पानावर विनोदांचा आणि हलत्या चित्रांचा पूर आला. अजूनही लोक तीर्थयात्रेसारखे तिथे जातात. मीही खूप हसलोय. फक्त आता वाचताना असं वाटतं की स्पेस चुकवणारा माणूस फुकट राबत होता, पैसे घेणारी कंपनी करत नव्हती ते काम करत होता, आणि त्याच्या चुकीची जत्रा भरली.

नूव्होची कथा अशीच, फक्त जास्त लांब. नूव्हो हा एनव्हिडिया कार्डांसाठी बाहेरच्या लोकांनी लिहिलेला खुला ड्रायव्हर. व्याकरण मिळालं नाही म्हणून त्यांनी बंद ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो ते चोरून ऐकलं. कुठल्या पत्त्यावर कुठला आकडा लिहिला जातो याच्या नोंदी ठेवल्या. वापरकर्त्यांनी आपापल्या कार्डांवर तेच करून नोंदी पाठवल्या. भिंतीला कान लावून शेजारच्यांची अनोळखी भाषा शिकावी, तसं. वाचनाचा याहून कष्टाचा प्रकार मला ठाऊक नाही, साहित्यातही. २०१० मध्ये तो ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. मग २०१४ च्या सुमारास ‘९००’ मालिकेच्या कार्डांपासून कंपनीनं स्वतःच्या सहीचं फर्मवेअर सक्तीचं केलं. ते नसेल तर कार्डाचा वेग वाढवता येईना. नूव्हो चालायचं, पण पहिल्या गिअरमध्ये.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियानं कर्नलमधला आपला भाग खुला केला, २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी. ‘बोटानं काम केलं’ म्हणून आम्ही पेढे वाटले. पण बरंचसं गुपित तोवर कार्डावरच्या बंद फर्मवेअरमध्ये हलवलेलं होतं, आणि प्रत्यक्ष चित्र काढणारा वरचा भाग बंदच राहिला. इथेही आम्ही मथळ्याच्या पुढे वाचलं नाही.

आता ज्या मजकुरांकडे हा लेख मुळात चालला होता ते. गेल्या काही वर्षांत लिनक्सच्या जगात एक नवा लेखनप्रकार रुजलाय: राजीनाम्याचं पत्र. ऑगस्ट २०२४ मध्ये वेडसन आल्मेडा फिल्हो, कर्नलमध्ये रस्ट ही भाषा आणण्याच्या प्रकल्पातला एक प्रमुख माणूस, तांत्रिक नसलेल्या कटकटींना कंटाळून बाहेर पडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅरॉल हर्ब्स्टनं नूव्होची जबाबदारी सोडली. त्याच महिन्यात हेक्टर मार्टिननं असाही लिनक्स सोडलं.

असाहीबद्दल दोन वाक्यं हवीत. अ‍ॅपलनं २०२० च्या शेवटी एम१ चिपचे मॅक आणले. त्यांवर दुसरी सिस्टिम टाकायला बंदी नव्हती, पण माहितीचं एक पानही कंपनी देत नव्हती. मार्टिन आणि सहकाऱ्यांनी शून्यातून सुरुवात करून मार्च २०२२ मध्ये लोकांना वापरता येईल अशी पहिली आवृत्ती दिली, आणि फेब्रुवारी २०२४ पर्यंत ग्राफिक्स ड्रायव्हर ओपनजीएल ४.६ च्या अधिकृत चाचण्या पास झाला. अनेकांनी हे अशक्य म्हटलं असतं. कंपनीचा बंद दरवाजा त्यांना थांबवू शकला नाही.

मग काय थांबलं? पत्र आलं त्या दिवशी माझ्या फीडवर दोन गट पडले. एक म्हणे कर्नलचे म्हातारे दोषी. रस्टचा शिरकाव थोपवण्यासाठी क्रिस्टोफ हेलविग या जुन्या मेंटेनरनं कर्करोगाची उपमा दिली होती, ती यांना पुरली. दुसरा गट म्हणे मार्टिनच दोषी, भांडण सोशल मीडियावर नेलं म्हणून. लिनसनंही त्याला त्यावरून सुनावलं होतं, ते यांना पुरलं. (लिनसनं काही दिवसांनी हेलविगलाही सुनावलं. दुसऱ्याच्या कोडवर तुझा नकाराधिकार चालणार नाही, अशा अर्थाचं. ते फारसं फिरलं नाही.)

पत्रात मात्र आणखी एक धागा आहे, आणि तो दोन्ही गटांनी सोडून दिला. एवढा डोंगर उपसल्यावर लोक काय म्हणाले? थंडरबोल्ट कधी? यूएसबी-सीवरून मॉनिटर का चालत नाही? एम३ कधी? बॅटरी का कमी टिकते? देणग्या आटत गेल्या, मागण्या वाढत गेल्या. हे विचारणारे मेंटेनर नव्हते, अब्जाधीश कंपन्या नव्हत्या. ते आपण होतो, वापरणारे. रेमंडचा तोल जिथे ढळतो तिथे त्याला काय दिसत होतं, हेही मला या पत्रानं दाखवलं. ओट्यावर बसलेला माणूस हजाराव्यांदा तोच प्रश्न ऐकत असतो, बिनपगारी, ऑफिसातून आल्यावर. माझ्या त्या लिंकचं समर्थन यातून होत नाही. पण खेकसणारा आणि मागत राहणारा हे दोन वेगळे प्राणी आहेत असं आता मला वाटत नाही. मी दोन्ही भूमिका केल्यात, कधी एकाच आठवड्यात.

सप्टेंबर २०१८ मध्ये लिनसनं आपल्या तुसड्या बोलण्याची जाहीर माफी मागितली, काही आठवडे सुट्टी घेतली, कर्नल प्रकल्पानं आचारसंहिता स्वीकारली. त्या माफीचं वॉलपेपर मी कोणाच्या लॅपटॉपवर पाहिलेलं नाही. आचारसंहितेनं सगळं बदललं असंही नाही, वरची पत्रं तिच्या नंतरचीच आहेत. आर्चविकीसारखी उत्तम पानं मात्र वाढत राहिली. तिथे लॅपटॉपच्या मॉडेलनुसार काय चालतं, काय नाही हे कोरडेपणानं लिहिलेलं असतं. वाचणारा कोण आहे हे पानाला ठाऊक नसतं, म्हणून ते कुणाचा पाणउतारा करत नाही. माझ्या लेखी या जमातीचं सर्वांत चांगलं गद्य तेच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ज्यांवर अधिकृतपणे बसत नाही असे धडधाकट लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत, गावोगावच्या दुकानांत स्वस्तात मिळताहेत, आणि ते घेणारी मुलं लिनक्सकडे येताहेत. परवा ग्रुपवर एकीचा मेसेज आला. ‘दादा, लिनक्स टाकलं, सगळं मस्त चालतंय पण आवाजच येत नाहीये.’ मॉडेल नाही, कर्नलची आवृत्ती नाही. रात्रीचे साडेअकरा.

मी तिला एक कमांड दिली आणि जे दिसेल त्याचा फोनवरून फोटो पाठव म्हटलं. फोटो आला, हललेला, अर्ध्या ओळी ट्यूबलाइटच्या उजेडात गेलेल्या. पुन्हा काढायला सांगितला. साउंड चिपचा नंबर कळलाय, कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हरही आहे, तरी आवाज नाही. शनिवारी ती लाइव्ह यूएसबीवर दुसरा कर्नल लावून बघणार आहे.